परीक्षा संगणकाची, शिक्षा शेतकऱ्याला

नीरा डाव्या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी सुटले, तेव्हा तो आखणाऱ्या अभियंत्यांच्या दृष्टीने त्यांचे काम कसोटीला उतरले होते. भराव टिकले, दरवाजे उघडले-मिटले, पाणी बारामती ओलांडून इंदापूरच्या रानात पोचले. १८७६-७७ च्या दुष्काळाने होरपळलेल्या मुलखाला याहून मोठी कसोटी ती कोणती हवी होती? परंतु पुढील पंचवीस वर्षांत ज्या काळ्या जमिनींना पाणी मिळाले होते, त्यांपैकीच कित्येक पांढऱ्या पडू लागल्या. पाणी मुरत राहिले, निचऱ्याची व्यवस्था नव्हती, पोटातले क्षार वर आले. अखेर १९१० मध्ये हॅरॉल्ड मान व ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध करावा लागला. कालव्याची परीक्षा खोटी नव्हती; ती फक्त कालव्याची होती. जमिनीची परीक्षा पाणी सुटल्यानंतर सुरू झाली, आणि तिची किंमत मोजली ती ज्यांना कालवा आखताना कोणी विचारले नव्हते त्या खातेदारांनी.

आज त्याच तालुक्यांतून दुसरा एक कालवा वाहतो आहे. सातबारा, फेरफार, पीक पाहणी, कर्जमाफी, नुकसानभरपाई, रेशन या साऱ्यांचे पाणी आता संगणकाच्या प्रणालीतूनच खातेदाराच्या दारी येते. प्रत्येक नव्या प्रणालीच्या उद्घाटनाला एकच वाक्य ऐकू येते: सर्व चाचण्या यशस्वीरीत्या पूर्ण झाल्या आहेत. आणि प्रत्येक वेळी पहिल्या हंगामात चावडीपुढे, सेवा केंद्रापुढे आणि सोसायटीच्या दाराशी तीच गर्दी दिसते. नाव यादीत नाही, अंगठा जुळत नाही, गट नंबर सापडत नाही, सर्व्हर बंद आहे. मग चाचणी पूर्ण झाली म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

एक साधा हिशेब करून पाहावा. एखाद्या अर्जात वीस प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला "होय" किंवा "नाही" एवढीच दोन उत्तरे आहेत असे समजू. एवढ्याशा अर्जाचेही १० लाख ४८ हजार ५७६ वेगवेगळे नमुने होऊ शकतात. दर मिनिटाला एक या वेगाने, रात्रंदिवस न थांबता, ते तपासायचे म्हटले तरी जवळजवळ दोन वर्षे लागतील. आणि खरा अर्ज होय-नाहीचा नसतो. त्यात नावे असतात, क्षेत्र असते, तारखा असतात, बँकेचे खाते असते. म्हणूनच डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारासच बजावून ठेवले होते की, चाचणीने चूक आहे एवढे दाखविता येते, चूक नाही असे कधीही सिद्ध करता येत नाही. या धंद्यातील प्रत्येक जाणत्या माणसाला हे ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त उद्घाटनाच्या व्यासपीठावर, किंवा ठाऊक असूनही तिथे ते सोयीचे नाही.

पण गणिताची मर्यादा हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो समाजरचनेचा आहे. चाचणी घेणारा माणूस त्याला सुचतील तेवढ्याच अडचणी तपासतो. त्याच्या डोळ्यांपुढचा शेतकरी म्हणजे एक गट, एक मालक, एक पीक, एक मोबाइल. बारामती-इंदापूरचे वास्तव या चौकटीत बसते काय? येथे सातबाऱ्यावर सामाईक खाती आहेत, विहिरीत चार आण्यांचा हिस्सा आहे, जमीन एकाच्या नावावर आणि कसणारा वाटेकरी दुसराच आहे. नवरा वारला आणि वारसनोंद तीन वर्षे अडून राहिली, अशी विधवा आहे. जुलैत लावलेला आडसाली ऊस पुढच्या वर्षीच्या गळितापर्यंत शेतात उभा असतो. त्याच्या सरीत कांदा किंवा हरभरा असतो. मोरगाव-सुपे-लोणी भापकरच्या जिरायत पट्ट्यात पेरणी पावसाच्या लहरीवर, तर कालव्याखालच्या पट्ट्यात ती पाळीपत्रकावर ठरते. पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित खोलीत बसून ज्याने प्रणाली लिहिली, त्याला हे सुचले नाही म्हणून तो दुष्ट ठरत नाही. परंतु जे सुचले नाही ते अस्तित्वातच नाही असे जेव्हा शासन धरून चालते, तेव्हा तांत्रिक मर्यादेचा अन्याय होतो.

२०१७ ची कर्जमाफी हा या अन्यायाचा धडा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ३४ हजार २२ कोटी रुपयांची योजना जाहीर झाली आणि शेतकऱ्याने ती ऑनलाइन अर्ज करून मिळवावी असे ठरले. २४ जुलैपासून पती-पत्नींनी बोटांचे ठसे देण्यासाठी सेवा केंद्रांपुढे रांगा लावल्या. बँकांकडून ६६ रकान्यांची माहिती मागविण्यात आली. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, मुंबईत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत समारंभ करून प्रमाणपत्रे वाटली गेली. मग याद्या बँकांच्या हाती पडल्या, आणि एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावे असल्याचे आढळले. यादी संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली, रक्कम थांबली, पुन्हा पडताळणी सुरू झाली. हाती प्रमाणपत्र, खात्यावर मात्र थकबाकी, अशा अवस्थेत शेतकऱ्याचा रब्बी हंगाम सुरू झाला. थकबाकीदाराला सोसायटी नवे पीककर्ज देत नाही, आणि मग त्याला सावकाराचे दार दिसते, हे सहकाराच्या या मुलखात कोणाला समजावून सांगायला नको. चूक संगणकाच्या कोणत्या ओळीत होती हे तज्ज्ञ शोधतील. त्या ओळीचे व्याज कोणी भरले हे मात्र गावाला माहीत आहे.

आणि येथे एक गोष्ट विसरता कामा नये. जे त्या प्रणालीला ओळखता आले नाही, ते गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या गटसचिवाला तोंडपाठ होते. कोणाचे कर्ज किती, कोणाचे दोन खात्यांत, कोण वारले, कोणाचे नाव दोनदा लागले आहे, हे पाहण्यासाठी त्याला मुंबईच्या सर्व्हरची गरज नव्हती. यादी छापण्यापूर्वी ती प्रत्येक सोसायटीत वाचून दाखविली असती, तर चुका प्रमाणपत्राच्या आधी कळल्या असत्या. पण तेवढा अवधी कोणाला द्यायचा नव्हता. समारंभाची तारीख आधी ठरली होती आणि प्रणालीला तिच्या मागे धावायचे होते.

ई-पीक पाहणीची कथा जरा वेगळी, म्हणून अधिक बोधप्रद आहे. काही तालुक्यांत पथदर्शी प्रयोग करून १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर लागू झाली. पूर्वी तलाठ्याने करायची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून, मोबाइलवरून करायची होती. कल्पना चांगली होती. तलाठी कार्यालयात बसून गेल्या वर्षीचेच पीक पुन्हा उतरवीत असे, हे कोण नाकारील? पण पहिल्याच खरिपात रेंज नसलेली शिवारे, साधा फोन वापरणारे म्हातारे खातेदार आणि मुदत संपताना कोलमडणारा सर्व्हर यांनी खरी परीक्षा घेतली. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, सुधारित ॲप आणावे लागले. आपली नोंद ४८ तासांत स्वतः दुरुस्त करण्याची सोय तेव्हा झाली. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने दहा टक्के तपासावी, असेही तेव्हा ठरले. म्हणजे २०२१ चा खरीप हीच प्रणालीची चाचणी होती, आणि राज्यातला प्रत्येक खातेदार तिचा बिनपगारी परीक्षक होता. हे त्याला कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

बिनपगारी परीक्षक होण्यालाही शेतकऱ्याची हरकत नसावी. हरकत आहे ती परीक्षेत यंत्र नापास झाले की दंड परीक्षकाला भरावा लागतो याला. २०२३ च्या खरिपातील सोयाबीन आणि कापूस उत्पादकांसाठी हेक्टरी पाच हजार रुपयांचे साहाय्य २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा ई-पीक पाहणीतील नोंद ही अट ठेवली गेली. ज्याच्या शेतात पीक होते पण ॲपमध्ये नोंद नव्हती, तो शासनाच्या लेखी शेतकरीच नव्हता. ओरड झाली, निवडणुका जवळ आल्या, मग अट शिथिल झाली. ही माघार योग्यच होती. पण ती न्याय म्हणून मिळाली नाही, मेहेरबानी म्हणून मिळाली. दर वेळी निवडणूक जवळ असेलच असे नाही.

यावर नोकरशाहीची उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर असे की, चूक प्रणालीची नव्हे, माहिती भरणाऱ्याची आहे. हे उत्तर फसवे आहे. ज्या प्रणालीत सामान्य शेतकऱ्याने सामान्यपणे भरलेली माहिती चुकते, ती प्रणालीच चुकलेली असते. बांधावर उभे राहून उन्हात फोनचा पडदा न दिसणे हा शेतकऱ्याचा गुन्हा नव्हे. दुसरे उत्तर असे की, पुढच्या वेळी अधिक कसून चाचणी घेऊ. हे उत्तर प्रामाणिक वाटते म्हणूनच त्यापासून अधिक सावध राहिले पाहिजे. चाचणी वाढवावी, जरूर वाढवावी. पण वाढविलेली चाचणी ही निर्दोषपणाची हमी नव्हे. चाचणी कितीही केली तरी काही चुका लोकांच्या हातातच उघड होणार, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. ते मान्य केले की मग त्या उघड झाल्यावर काय करायचे आणि नुकसान कोणी सोसायचे, हे आधीच ठरवावे लागते. आणि नेमके तेच ठरवायचे नसते.

तिसरे उत्तर चळवळीतूनच कधी कधी ऐकू येते: संगणकच नको, जुना तलाठी बरा. हा मोह टाळावा. जुन्या दप्तरात गरिबाची नोंद अडवून ठेवणारा हात माणसाचाच होता, आणि तो हात ओला केल्याशिवाय फेरफार मंजूर होत नसे. घरबसल्या सातबारा पाहता येणे ही लहान गोष्ट नव्हे. लढा यंत्राशी नाही. यंत्राचा शब्द अखेरचा मानणाऱ्या सत्तेशी आहे.

हा "अखेरचा शब्द" किती भयंकर ठरू शकतो, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून "होरायझन" ही फुजित्सू कंपनीची हिशेबप्रणाली गावोगावच्या पोस्ट कार्यालयांत बसविली. तिच्यातील दोषांमुळे हिशेबात तूट दिसू लागली. खात्याने प्रणालीवर विश्वास ठेवला, माणसांवर ठेवला नाही. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक उपपोस्टमास्तर चोरी आणि अफरातफरीच्या आरोपांखाली दोषी ठरविले गेले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष होते हे लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नमूद केले, आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. या अनर्थाच्या मुळाशी एक कायदेशीर गृहीतक होते: उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर आहे असे समजावे.

हे गृहीतक परदेशी वाटत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ उघडून पाहावी. कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. नोंद हस्तलिखित होती, गावात होती, चार लोकांच्या डोळ्यांखालची होती, तेव्हाही हे गृहीतक गरिबाला जाचकच होते. आता तीच नोंद संगणकात चढविताना चुकली, क्षेत्र घटले, एखादे नाव गळले, की चुकीच्या नोंदीलाही खरेपणाचे कवच मिळते. आणि ते फोडण्यासाठी खातेदाराला कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन तहसील कचेरीचे उंबरे झिजवावे लागतात. चूक करताना शासनाला एक क्षण लागतो, दुरुस्त करून घेताना शेतकऱ्याचे हंगाम जातात. सिद्ध करण्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर, हा खरा राजकीय प्रश्न आहे.

याला उपाय नाहीत असे नाही, आणि ते परदेशातून आणायचेही नाहीत. २०१७ मध्येच संगणकीकृत सातबारा गावात मोठ्याने वाचून दाखविण्याची चावडीवाचनाची मोहीम निघाली. हस्तलिखित आणि संगणकीय उताऱ्यांतील तफावत लोकांसमोर आली. कोणत्याही प्रयोगशाळेत न सापडणाऱ्या चुका चावडीवर सापडतात, कारण बांधाचा शेजारी तेथे हजर असतो. २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची कर्जमुक्ती आली, तेव्हा आधीच्या फजितीतून काही शिकल्याचे दिसले. अर्जाची अट नव्हती. आणि २४ फेब्रुवारीला पहिली यादी निघाली ती अवघ्या ६८ गावांची, प्रत्येक जिल्ह्यातील दोन गावांची, १५ हजार ३५८ खात्यांची. तिच्यातील अडचणी पाहून मग पुढची मोठी यादी काढण्यात आली. तेव्हाही अंगठा न जुळल्यामुळे हेलपाटे पडले, पण चूक लहान असतानाच सापडावी हा विवेक त्यात होता.

मात्र टप्प्याटप्प्याने जायचे म्हणजे कोठून सुरुवात करायची? येथे पुन्हा कालव्याकडेच पाहावे. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडील इंदापूरच्या शेतकऱ्याला एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे: मुखाकडून पाणी द्यायला लागले की ते शेपटाला पोचत नाही. म्हणूनच पाळी शेपटापासून मुखाकडे द्यावी, असा न्याय्य नियम पाटबंधाऱ्यात सांगितला जातो. प्रणालीची चाचणीही याच नियमाने घेतली पाहिजे. जेथे रेंज चांगली, कागद व्यवस्थित, शेतकरी शिकलेला, तेथे पथदर्शी प्रयोग यशस्वी होणारच. तो यशस्वी झाल्याने काहीच सिद्ध होत नाही. जिथे रेंज नाही, खाती सामाईक आहेत, वारसनोंदी अडल्या आहेत, घरचे लोक ऊसतोडीला गेले आहेत, त्या गावात प्रणाली टिकली तरच ती राज्यात लागू करावी.

हा मुद्दा आज अधिकच निकडीचा झाला आहे, कारण पुढचा प्रयोग बारामतीतूनच निघाला आहे. तेथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला. उपग्रहाची छायाचित्रे, हवामानाची नोंद आणि मातीतील संवेदक यांच्या आधारे पाणी कधी द्यावे, खत किती घालावे, याचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. प्रथम संस्थेच्या प्रक्षेत्रावर आणि २०२४ मध्ये सुमारे एक हजार शेतकऱ्यांकडे हा प्रयोग गेला; २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी त्याची जगापुढे वाखाणणी केली; जून २०२५ मध्ये राज्य शासनाने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. पाणी वाचावे, खत वाचावे, उतारा वाढावा, हे कोणाला नको आहे? पण निवडक प्लॉटवरचे यश म्हणजे शिवारातले यश नव्हे. ठिबक असलेल्या, निचऱ्याच्या जमिनीत शिकलेले यंत्र मान-ताम्हणे यांच्या काळापासून खारवलेल्या जमिनीत काय सल्ला देईल? पाणी द्या असे मोबाइल सांगेल आणि कालव्याची पाळी महिन्याने असेल, तेव्हा शेतकऱ्याने कोणाचे ऐकायचे? आणि त्या सल्ल्याने पीक बसले, तर भरपाई ट्रस्ट देणार, कंपनी देणार, कारखाना देणार की शासन? या शेवटच्या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळेपर्यंत त्या सल्ल्याला प्रयोगच म्हटले पाहिजे, आणि तो घेणाऱ्या शेतकऱ्याला तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. प्रणालीत नोंद नाही एवढ्या कारणावरून कोणाचाही हक्क नाकारता येणार नाही; पीक, कर्ज किंवा ताबा नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कचेरीची असेल. प्रत्येक नव्या प्रणालीबरोबर निदान दोन वर्षे कागदाचा आणि माणसाचा मार्ग उघडा राहील. प्रत्येक यादी अंतिम होण्यापूर्वी चावडीवर वाचली जाईल. प्रणालीत सापडलेल्या चुकांची वही तहसील कचेरीत सर्वांना पाहण्यासाठी खुली असेल. दुरुस्तीचा अधिकार तालुक्यातीलच एका अधिकाऱ्याकडे, नावानिशी आणि मुदतीनिशी असेल. "वरून होईल", "सर्व्हर मुंबईला आहे" ही उत्तरे कायद्याने बंद झाली पाहिजेत.

आणि मागणी करून थांबणाऱ्या कार्यकर्त्याचे काम अर्धेच राहते. पुढच्या हंगामात एखादे नवे ॲप येईल, त्याचे उद्घाटन होईल, चाचण्या पूर्ण झाल्याचे सांगितले जाईल. त्या दिवशी कार्यकर्त्याने सभामंडपात न जाता शेपटाकडच्या गावी जावे. एक वही घ्यावी. ज्याचे ज्याचे काम अडले त्याचे नाव, गट नंबर, तारीख आणि पडद्यावर आलेला संदेश लिहून घ्यावा. शंभर नोंदींची अशी वही तहसीलदारापुढे ठेवली की "भरणाऱ्याची चूक" हे उत्तर टिकत नाही. १९१० मध्ये खारवट जमिनींचा अभ्यास झाला तेव्हा पंचवीस वर्षांचे नुकसान होऊन गेले होते. या दुसऱ्या कालव्याच्या बाबतीत पहिल्याच पावसाळ्यात जमीन पांढरी पडताना कोणीतरी पाहत असले पाहिजे.